कुयलीचा हिवाळा

थंडी पडली की माणसं मवाळ होतात म्हणे. शेकोटीभोवती बसतात, जुनी भांडणं विसरतात, एकमेकांना चहा पाजतात. माझं उलटं आहे. पहाटे धुकं उतरायला लागलं आणि पेणच्या बाजारात बायका वालाच्या हिरव्या शेंगांच्या टोपल्या घेऊन बसल्या, की माझ्या अंगात गेल्या वर्षीचा राग चढतो. खरं सांगायचं तर त्या रागाची मला ऊब वाटते. परवा शनिवारी शाळा सुटल्यावर बाजारातून येत होते, तर एक मोठी पांढरी गाडी माझ्याजवळ थांबली. काच खाली आली. आतल्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, ते जंगलातले ट्रेल आहेत ना, चार चाकांच्या बाइकवाले, तिकडे कसं जायचं? मी भूगोलाची शिक्षिका. तेवीस वर्षं मुलांना दिशा शिकवतेय आणि आजवर कुणाला चुकीची वाट सांगितलेली नाही. त्यांना मी रोह्याकडे न पाठवता थेट अलिबागच्या रस्त्याला लावून दिलं. घरी येऊन चहा केला, तो मला फार आवडला.

आमचं गाव पेण आणि रोह्याच्या मधे, डोंगराच्या पायाशी आहे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते आता नारिंगी पाट्यांवर इंग्रजीत लिहिलेलं असतं आणि ते तसं वाचलं की मला आपल्या घरातलं भांडं दुसऱ्याच्या मांडणीवर दिसल्यासारखं वाटतं. गावात माझा थोरला भाऊ राहतो, दादा. वहिनी राहते. मुलं पुण्याला गेली. गावातली निम्मी माणसं धाटावच्या कंपन्यांत आहेत, त्यामुळे गावाची घड्याळं तीन पाळ्यांवर चालतात. पण दादा कधी कंपनीत गेला नाही. तो भात लावतो आणि भातानंतर वाल.

वाल म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्याला सांगितलंच पाहिजे, कारण सगळं रामायण त्यावरून घडलं. भात कापून भारे खळ्यावर गेले की शेत उजाड दिसतं. नुसती धसकटं उभी. पण मातीच्या पोटात पावसाची ओल असते. दादा त्या धसकटांच्या मधे काठीने भोक पाडतो, दोन दाणे टाकतो, टाचेने माती लोटतो आणि एक पाऊल पुढे सरकतो. पाणी कुणी देत नाही. खालून ओल, वरून दव, एवढ्यावर ते पीक येतं. पहिला महिनाभर रोप धसकटाच्या वर डोकं काढत नाही. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, रान मोकळं आहे. आमच्याकडे चालायला शिकलेल्या पोरालाही ठाऊक असतं की डिसेंबरात भाताच्या शेतात पाय टाकायचा नाही, बांधावरून जायचं. हे कुणी कुणाला शिकवलेलं मला आठवत नाही.

लहानपणी त्या बांधावरून आम्ही भावंडं एकामागे एक जायचो. पायांना दव लागून पोटऱ्या गार पडायच्या. जानेवारीत शेंगा भरल्या की दादा एक शेंग तोडून कानाशी हलवायचा, मग मला द्यायचा. कोवळ्या शेंगेचा वास बोटांना संध्याकाळपर्यंत राहायचा. पुढे वाळलेले वाल घरी आले की आई ते भिजवून, मोड आणून, सोलायला आम्हाला बसवायची, आणि सोलता सोलता दाणे पळवले म्हणून पाठीत धपाटा घालायची. कडू वालाच्या बिरड्याची ती चव मी पेणच्या स्वयंपाकघरात पुष्कळदा आणायचा प्रयत्न केला. दादाच्या शेतातले वाल असले तरच ती येते, हा माझा हट्ट असेल, पण आहे.

दादाच्या वालाच्या शेताला लागून रानात जाणारी वाट सुरू होते. ती ओढा ओलांडून, साग आणि ऐनाच्या झाडीतून, वरच्या आदिवासी वाडीपर्यंत जाते आणि पुढे डोंगर उतरून रोह्याच्या अंगाला निघते. या वाटेचं एक काम गावाकडे आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना खाजकुयलीचे वेल माजतात. पावसाळ्यानंतर त्यांना जांभळी फुलं येतात, मग हिरव्या शेंगा, आणि थंडी पडली की त्या शेंगा वाळून त्यांच्यावर सोनेरी लव चढते. दिसायला मखमल. त्या लवेचा एक कण अंगाला लागला की माणूस देव आठवतो. वारा आला तरी ती उडते. म्हणून दसरा झाला की, शेंगा हिरव्या असतानाच, घरटी एक माणूस कोयता घेऊन निघतं आणि वाडीपर्यंतची कुयली बुंध्याशी मारून येतं. कंपनीतली शिफ्ट असेल तर बाई जाते. यात कुणाचं शेत वर आहे, कुणाचं नाही, असा हिशेब कधी झालेला नाही.

त्या वाटेचा नकाशा मी काढला. हे एकदा लिहून टाकते.

तीन वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, एक गृहस्थ माझ्या पेणच्या घरी आले. चाळिशीचे, बोलायला मऊ, पायांत भारी बूट. गाव पुढे त्यांना साहेब म्हणायला लागलं, म्हणून मीही साहेबच म्हणते. मी दरवर्षी मुलांना त्या वाटेवर सहलीला नेते, हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. त्यांनी फोनवर मला एक चित्रफीत दाखवली. कुठल्याशा उत्तरेकडच्या देशातलं सूचिपर्णी जंगल, गुडघाभर बर्फ, आणि त्या बर्फावरून पळणाऱ्या गाड्या. पुढे चाकांऐवजी दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा. झाडाझाडांतून आखलेली वाट, वळणावळणावर खांब, खांबावर नारिंगी बाण. वाटेत लाकडाची एक झोपडी, तिच्यात चूल पेटलेली, माणसं हात शेकत बसलेली. साहेब म्हणाले, तिकडे गावची मंडळं हिवाळाभर या वाटा राखतात. शेतकरी स्वतः आपल्या जमिनीतून वाट देतात, कारण हिवाळ्यात त्यांचं शेत बर्फाखाली झोपलेलं असतं. आपल्याकडेही अशा वाटा व्हायला हव्यात, लोकांनी जंगल बघायला हवं, नाही का बाई?

मला ते चित्र फार आवडलं होतं. मी विषुववृत्त, टुंड्रा, तैगा हे सगळं फळ्यावर शिकवलेली बाई, माझ्या घरी येऊन कुणीतरी तैगाच्या जंगलाबद्दल माझ्याशी बरोबरीने बोलत होतं. मी विचारलं, इथे काय चालवणार? ते म्हणाले, आधी पायी फिरणारे येतील, मग बघू. मी त्या ‘मग’चं काय ते विचारलं नाही. मोठा कागद घेतला, पेन्सिलला टोक केलं आणि ओढा, ऐनाचं मोठं झाड, खडक, वाडी, डोंगराच्या धारेवरची वरची वाट, असं सगळं प्रमाणात काढून दिलं. उत्तरेचा बाणसुद्धा काढला. साहेब म्हणाले, इतका सुबक नकाशा त्यांनी पाहिला नव्हता. कोल्हा काकडीला राजी म्हणतात तो हाच.

दिवाळीनंतर गाड्या आल्या. बर्फ नव्हतं म्हणून चार जाड चाकांच्या. वाकडी वळणं घेत चढतात म्हणून गावाने त्यांना खेकडे म्हणायला सुरुवात केली. साहेबांनी डोंगराखाली जागा घेतली, तंबू उभे केले, नारिंगी बाण लावले. माझ्याच नकाशातले खुणेचे दगड आता ‘पॉइंट’ झाले. नाताळच्या सुट्टीत रोहा स्टेशनवर उतरून आणि स्वतःच्या गाड्यांनी माणसं यायला लागली. आणि त्या रविवारी एका टोळीला वाटेवरच्या धुळीचा कंटाळा आला असावा, कारण शेजारी एवढं मोकळं रान पडलेलं होतं.

मी पोचले तेव्हा दुपार झाली होती. दादा शेतात उकिडवा बसला होता. खेकडे गोल गोल फिरले होते, आठाचे आकडे काढल्यासारखे. चाकांखाली ओली माती दाबून विटेसारखी झाली होती आणि तिच्यात वालाची रोपं आडवी बसली होती. दादा नखांनी एक एक रोप उचलून सरळ करायचा प्रयत्न करत होता. मी त्याला उठ म्हटलं. तो उठला नाही. वहिनी बांधावर उभी राहून नुसती बघत होती, आणि वहिनी गप्प असली की प्रकरण गंभीर असतं.

साहेबांकडे मीच गेले. ते मनापासून चकित झाले. शेत तर मोकळं होतं, बाई, काहीच पेरलेलं नव्हतं, फक्त खुंट होते. मी सांगितलं, वाल. ते म्हणाले, पण हिवाळ्यात? मग त्यांनी खेद व्यक्त केला. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस दादाच्या घरी एक केक देऊन गेला. चॉकलेटचा, वर चेरी लावलेला. वहिनीने तो खोक्यासकट अंगणात ठेवला आणि कोंबड्यांना हाक मारली.

पुढच्या वर्षी भात कापून झालं आणि दादाने वाल टोकले नाहीत. मला वहिनीने फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं, का? ती म्हणाली, “तो बोलत नाय गो काय. बियाण्याचं मडकं काढून बघतो नि परत ठेवतो.” माझ्या आठवणीत असा एकही हिवाळा नव्हता. आजारपणात, वडील गेले त्या वर्षीसुद्धा, दादाने वाल टोकले होते. त्या दिवशी माझ्या डोक्यात सूड आला. माणसाला कविता सुचते तसा तो मला सुचला, अख्खा, वर्गात उभी असताना. फळ्यावर मी वाऱ्यांचे प्रकार लिहीत होते.

त्यासाठी मी पुढच्या दसऱ्याची वाट पाहिली. दसऱ्यानंतर देवळाच्या ओट्यावर कुयलीची बैठक असते. शिफ्टा बघून वार ठरवतात. मी सुट्टी टाकून गेले. एरवी माहेरवाशीण त्या ओट्यावर बोलत नाही, पण मी बोलले. म्हटलं, या वर्षी कुयली मारायची नाही. काही करायचं नाही, कुणाला हात लावायचा नाही, पोलीस नाही, अर्ज नाही. नुसते घरी बसा. डिसेंबरात खेकडे त्या वेलींतून जाऊ देत. मागून कुणीतरी हसलं आणि ते हसू ओट्यावर पसरत गेलं. बाळूकाका म्हणून गावातले एक म्हातारे आहेत, त्यांनी एकट्याने विचारलं, वाडीवरची माणसं कुठनं येतील? माझ्याकडे उत्तर तयार होतं. धारेवरून वरची वाट आहे, दोन महिने तिकडून येतील. ती वाट माझ्या नकाशात होती. दादा खांबाला टेकून बसला होता. तो उठला आणि चपला घालून घरी गेला. मला वाटलं, मऊ माणूस आहे, त्याचं आपणच बघायला हवं.

त्यानंतरचे दोन महिने मी जितक्या आनंदात काढले तितके लग्नानंतरचेही काढले नसतील. दर रविवारी मी कुयली बघायला जायची. लोक लांबून फुलं बघायला येतात म्हणतात, मी शेंगा बघायला जायची. जांभळे घोस आले, गळले. बोटाएवढ्या शेंगा आल्या, वाकड्या, हिरव्या. मग पिवळसर. डिसेंबर लागला आणि एके दिवशी उन्हात त्या सोन्यासारख्या चमकल्या. वाटेच्या दोन्ही बाजूंनी वेल आत झुकले होते आणि मधे खेकड्याच्या रुंदीचा बोगदा राहिला होता. मी लांब उभी राहून, पदर नाकाला लावून, त्यांच्याकडे लेकरांकडे बघावं तसं बघत राहायची. सूड घेणं वाईट, असं मीच मुलांना सांगते. ते सांगताना मला त्याची चव माहीत नव्हती.

नाताळच्या आठवड्यात एका सकाळी, ऊन तापल्यावर, मी ओढ्यापलीकडच्या खडकावर डबा घेऊन बसले. वारा माझ्याच बाजूने होता. पहिला खेकडा वळणावर दिसला, त्यामागे पाच. पुढच्याने हॉर्न वाजवला, वेग वाढवला आणि बोगद्यात घुसला. वेल हलले. उन्हात एक सोनेरी धूर उठला आणि मागच्या पाचांवर आरामात बसला. काही क्षण काहीच झालं नाही. मग तिसऱ्या गाडीवरच्या माणसाने मान खाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी गाड्या आहेत तिथे सोडल्या आणि हेल्मेट, जाकीट, हातमोजे, बूट, जे जे अंगावर होतं ते काढून टाकायला सुरुवात केली. एक जण झाडाच्या खोडाला पाठ घासत होता. मी डबा उघडला. भाकरी आणि सुकट होती, आणि मी पोटभर जेवले.

ती सगळी मंडळी उड्या मारत गावात आली. आमच्याकडे कुयली लागली की अंगाला शेण फासतात, ते वाळलं की त्याबरोबर लव निघते. वहिनीने गोठ्यासमोर घमेलं भरून ठेवलेलंच होतं. तिने त्या शहरी माणसांना रांगेत उभं केलं आणि आपल्या हाताने एकेकाला लिंपून काढलं, भिंत सारवावी तसं, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, काही सोडलं नाही. साहेब धावत आले तेव्हा त्यांच्याही मानेवर लाल गांधी उठल्या होत्या. त्यांनी मला बघितलं आणि विचारलं, “बाई, हे काय आहे?” मी म्हटलं, “स्थानिक वनस्पती.” वहिनीने त्यांच्या मानेवर मूठभर शेण थापलं. तंबू त्या दुपारीच रिकामे झाले.

तो दिवस मी पुष्कळदा आठवते. पेपर तपासताना, भाजी निवडताना. आताही लिहिताना हसू येतंय. ते लपवण्याइतकी मी अजून सुधारलेली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. दादा दोन दिवस पहाटेपासून कुयली मारतोय, एकटा. दव असतं तोवर लव उडत नाही, म्हणून अंधार फिटता फिटता जायचं, अंगावर ओलं गोणपाट घ्यायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. वाळलेली कुयली तशीच मारावी लागते. मी शाळेत कळवून पहिली एसटी पकडली. सबंध वाटेत मी दादाला काय काय बोलायचं ते ठरवत होते. सुडाच्या चुलीवर पाणी ओतणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते शब्द माझ्याकडे कमी नाहीत.

तो पडवीत बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत सुजलेले, शेण वाळून भेगाळलेलं. मी जे ठरवलं होतं ते सगळं बोलले. ज्यांनी तुझं शेत तुडवलं त्यांच्यासाठी तू वाट साफ करतोस, असं म्हणाले. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “धारेवरची वाट बंद हाय. तंबूवाल्यांनी तारेचं कुंपण घातलंय तिथं, मागच्या शिमग्यापासनं. मलाबी आता कळलं.”

मला ते माहीत नव्हतं. मी दर रविवारी येत होते आणि शेंगा बघून जात होते. धारेकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. वाडीवरची माणसं सगळा डिसेंबर त्याच बोगद्यातून खाली येत होती. लाकडाच्या मोळ्या घेऊन, बाजाराला, दवाखान्याला. पोरांना पाठीशी बांधून. कुणी येऊन गावाला विचारलं नव्हतं, कारण वाडीने गावाला जाब विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. चांगुणा म्हणून वाडीवरची एक बाई आहे, माझ्याच वयाची. तिच्या डोळ्यात लव गेली. चोळून चोळून डोळा बंद झाला, मग पू झाला. दादाला ती ओढ्यावर भेटली, डोळ्याला फडकं बांधून पाण्यात चाचपडत उतरताना.

दादा म्हणाला, “तुझी माणसं दोन तासांत गाडीत बसून घरी गेली, मंगल. वाट ज्यांची हाय ती आजून खाजवतायत.” आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “नि नकाशा कुनी काढला ते मला पयल्या दिवशीच कळलं व्हतं. तुझ्या अक्षरातली नावं हायती त्यांच्या पाटीवर.”

मी माझं अक्षर विसरले होते. साहेबांनी नकाशा तसाच मोठा करून फलकावर लावला होता, वर इंग्रजी रंगवून. खाली कोपऱ्यात माझा ऐन आणि माझा ओढा, वळणदार देवनागरीत. दादा रोज त्या फलकावरून शेतात जायचा.

खेकडे आठ दिवसांत पुन्हा सुरू झाले. वाट आता स्वच्छ होती ना. साहेबांनी दादाला पुन्हा केक पाठवला, मोठा. कोंबड्यांची चंगळ झाली. म्हणजे माझ्या सुडाचं फळ काय, तर त्यांना आयती वाट, कोंबड्यांना केक आणि चांगुणेला एक डोळा कमी. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजेड कळेल, पण त्याच्या पुढे फारसं नाही. मी तिला तिकडे नेलं नव्हतं. दादाने नेलं.

तरी राग गेला नाही, हे मला लिहायलाच हवं. माणसं म्हणतात, पश्चात्ताप झाला की राग वितळतो. माझा राग आणि माझा पश्चात्ताप शेजारी शेजारी राहतात, एका घरातल्या दोन जावांसारखे, आणि एकमेकांशी बोलत नाहीत. साहेबांची मान आठवली की मला अजून बरं वाटतं. तो डोळा आठवला की अजून झोप उडते. एक आठवलं म्हणून दुसरं कमी होत नाही.

या वर्षी दसऱ्यानंतर दादाचा निरोप आला. आमच्या घरचं माणूस म्हणून कुयलीला मंगल येईल, असं त्याने ओट्यावर सांगून टाकलं होतं. मला विचारलं नव्हतं. मी गेले. गुडघे दुखत होते, कोयता धरायची सवय मोडलेली, तळहाताला फोड आले. हिरवी कुयली बुंध्याशी मारायची, ओढून बाजूला करायची, पुढे सरकायचं. जी वाट मी त्यांना कागदावर दिली तीच मी त्यांच्यासाठी झाडत होते, हे दादाला कळत होतं आणि मलाही. दर वेलीला मी साहेबांचं नाव घेऊन कोयता मारला. दादा पुढे होता. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, पण वाडीपर्यंत पोचल्यावर पाण्याची बाटली माझ्यासमोर ठेवली. पुढे भात कापून झाल्यावर त्याने वाल टोकले. बांधाला करवंदीच्या काट्या लावल्या आहेत, कमरेइतक्या उंच.

गेल्या रविवारी मी ते वाल बघायला गेले होते. रोपं धसकटांच्या वर आली आहेत. तिथून तशीच वाटेने थोडी वर चढले, तर चांगुणा मोळी घेऊन उतरत होती. माझ्याजवळ आल्यावर तिने मोळी खाली उतरवली आणि दम खात दगडावर बसली. तिचा डावा डोळा दुधाळ झालाय. ती माझ्याशी नेहमीसारखी बोलली. औंदा वाट चांगली झाली म्हणाली. मागल्या साली तंबूवाल्या साहेबाने गावाला कुयली मारू दिली नाही, धारेवर कुंपण घातलं तसंच हेही केलं, असं ती सांगत होती. वाडीवर सगळ्यांना तसंच वाटतं.

“रोज सकाळी त्याला शिव्या देते,” ती म्हणाली. “तोंड धुवायच्या आधी. माझ्या आयची शिवी कधी फुकट गेली नाय. माझीबी जायची नाय.”

मी नुसती गप्प बसले असते तरी पुरे होतं. मी मनात मागितला असता तर यापेक्षा चांगला सूड मागितला नसता. रोज, जन्मभर, दुसऱ्याच्या तोंडून, न चुकता, आणि ज्याच्यावर पडावा त्याच्यावरच. खालून खेकड्यांचा आवाज येत होता. साहेब तिथेच असणार, पाहुण्यांना हेल्मेटं वाटत.

“चांगुणा, तो नव्हता,” मी म्हणाले. “कुयली राखायला गावाला मी सांगितलं. साहेबावरचा राग काढायला.”

तिने तिच्या चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही, रडली नाही. घरात एखादी वस्तू भलत्याच जागी सापडावी आणि ती उचलून जागेवर ठेवावी, तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर झालं. ती उठली, डोक्यावर चुंबळ नीट केली.

“बरं झालं सांगितलंस,” ती म्हणाली. “वरीसभर फुकट त्याच्या नावानं चालल्या व्हत्या. उद्यापासनं तुझं नाव घेते.”

मग तिने मोळीकडे बोट केलं. एकटीला ती डोक्यावर घेता येत नव्हती. मी वाकले, खालून हात घातला आणि मोळी तिच्या डोक्यावर चढवली.